शाळेचा खर्च आणि शाळेचे दार

सार्वजनिक शिक्षणसंस्थेच्या दारातून कोणासही केवळ जातीच्या, धर्माच्या वा वंशाच्या कारणास्तव परत पाठविले जाऊ नये, हे तत्त्व भारतीय संविधानात समाविष्ट झाल्याला आता सात दशकांहून अधिक काळ लोटला आहे. ते आज इतके स्वाभाविक वाटते की, त्याला एक दीर्घ आणि काहीसा विचित्र पूर्वेतिहास आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. वस्तुतः तत्त्व मान्य होण्यास फारसा वेळ लागला नाही. ते कोणत्या शाळांस लागू पडते, हे ठरविण्यास मात्र शंभर वर्षे अपुरी पडली. मुंबई इलाख्यात तर ह्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रारंभापासूनच एका तिसऱ्या प्रश्नाशी बांधले गेले. तो प्रश्न म्हणजे शाळेचा खर्च कोण करतो. ही गाठ कशी बसली आणि ती सोडविण्याचे प्रयत्न कसकसे झाले, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ह्या इतिहासाचा आरंभ धारवाड येथे होतो. १८५४ च्या वुडच्या खलित्यानुसार मुंबई इलाख्यात शिक्षणखाते नव्यानेच स्थापन झाले होते. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलास प्रवेश मिळावा, असा अर्ज सरकारपुढे आला. शाळा सरकारी, विद्यार्थी सरकारचा प्रजाजन आणि मागणी केवळ शिकू देण्याची. अर्जाचा निकाल एका ओळीत लागावयास हरकत नव्हती. तथापि जुलै १८५६ मध्ये मुंबई सरकारने जो ठराव केला, तो शासकीय लेखनातील एक नमुनाच म्हणावा लागेल. न्याय अर्जदाराच्या बाजूस आहे, ह्याविषयी शंका नाही, असे ठरावाने प्रथमच मान्य केले. मात्र अर्जदारास जी अडचण सोसावी लागत आहे ती ह्या सरकारने निर्माण केलेली नाही; शतकानुशतके चालत आलेल्या समजुतींत एका किंवा काही थोड्या व्यक्तींसाठी तडकाफडकी हस्तक्षेप केल्यास शिक्षणाच्या कार्याचीच हानी होईल, असे म्हणून अर्ज नाकारण्यात आला.

ह्या युक्तिवादातील मख्खी नीट पाहण्याजोगी आहे. अन्याय होत नाही, असे सरकार म्हणत नव्हते. तो आपण केलेला नाही, एवढेच त्याचे म्हणणे होते. परंतु शाळा सरकारची होती, शिक्षक सरकारचा होता आणि नकारही सरकारच देत होते. जी गोष्ट आपल्या हातून घडत आहे तिचे कर्तृत्व समाजाच्या माथी मारावयाचे आणि मग तिच्याविषयी हळहळ व्यक्त करावयाची, ही पद्धत पुढेही अनेकदा वापरली गेली. दुसरी गोष्ट संख्येची. एका मुलासाठी इतरांचे शिक्षण धोक्यात घालावे काय, असा प्रश्न विचारला की उत्तर आधीच ठरून जाते. कारण वगळलेल्या वर्गातून प्रथम पुढे येणारा मनुष्य नेहमी एकटाच असतो.

हे प्रकरण कलकत्त्यास गेले. जानेवारी १८५७ मध्ये हिंदुस्थान सरकारने कळविले की मुंबई सरकारने बहुधा शहाणपणाने वागणूक केली असेल. परंतु बंगाल प्रांतातील कोणत्याही सरकारी शाळेत ह्या मुलास प्रवेश नाकारला गेला नसता. सौम्य भाषेत दिलेला हा ठपकाच होता. पुढे एप्रिल १८५८ मध्ये विलायतेतील संचालक मंडळाने निःसंदिग्ध शब्दांत लिहिले की, सरकारच्या शिक्षणसंस्था सर्व वर्गांस खुल्या राहाव्यात असाच आपला हेतू आहे आणि ह्या मूलतः योग्य अशा तत्त्वापासून आपणांस दूर जाता येणार नाही. ही तारीखही लक्षात ठेवण्यासारखी आहे. उत्तर हिंदुस्थानात उठाव अद्याप शमला नव्हता आणि लोकांच्या धर्मसमजुतींस धक्का लावल्याचा आरोप कंपनीवर सर्वत्र होत होता. अशा वेळी, आपल्या कारभाराच्या अखेरच्या महिन्यांत, कंपनीच्या संचालकांनी हे तत्त्व सोडले नाही, ह्याची नोंद त्यांच्या बाजूस केली पाहिजे.

मुंबई सरकारला आता आपले धोरण बदलणे भाग होते. १८५८ चा त्याचा ठराव दोन भागांचा आहे, आणि पुढील सगळा इतिहास ह्या दोन भागांच्या फटीत साठलेला आहे. ज्या शाळा सर्वस्वी सरकारच्या खर्चाने चालतात, त्या जातिभेद न मानता सर्व प्रजाजनांस खुल्या राहतील, असे ठरावाने जाहीर केले. परंतु ज्या शाळांच्या खर्चात स्थानिक वर्गणीदार व आश्रयदाते भागीदार आहेत, आणि ज्यांची अशा प्रवेशास हरकत आहे, तेथे खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांस घालण्याचा सरकारचा विचार नाही, असेही त्यात म्हटले होते. मात्र जात किंवा वंश ह्या कारणाने कोणत्याही वर्गास शिक्षणापासून वंचित ठेवणाऱ्या अंशतः साहाय्यित शाळेची मदत बंद करण्याचा पूर्ण अधिकार सरकारने स्वतःकडे राखून ठेवला.

वरवर पाहता ही तडजोड वाजवी वाटते. पण तत्कालीन शाळांची घडण पाहिली म्हणजे तिचा खरा अर्थ उमगतो. त्या काळी इलाख्यात खेड्यापाड्यांतून ज्या शाळा निघत होत्या, त्यांपैकी पुष्कळ अंशतः स्वावलंबी स्वरूपाच्या होत्या; म्हणजे पंतोजींच्या पगाराचा व जागेचा काही भार गावाने उचलावयाचा आणि उरलेला सरकारने. सर्वस्वी सरकारी खर्चाची शाळा म्हणजे प्रायः मोठ्या गावातील शाळा. अर्थात् तत्त्व जेथे निरपवादपणे लागू झाले तेथे शाळा थोड्या, आणि जेथे शाळा वाढत होत्या तेथे दाराची किल्ली वर्गणीदारांच्या हाती. शिवाय ‘अधिकार राखून ठेवणे’ आणि अधिकार वापरणे ह्यांत जे अंतर असते, ते सरकारी कागदपत्रांच्या वाचकास निराळे सांगावयास नको.

तथापि ह्या तडजोडीचा पाया लवकरच डळमळीत झाला, आणि तोही शिक्षणखात्याबाहेरच्या एका कारणाने. १८६० नंतरच्या दशकात मुंबई इलाख्यात जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा असा स्थानिक कर बसविण्यात आला. १८६९ मध्ये त्यास कायद्याचे स्वरूप मिळाले. त्याचा एक तृतीयांश भाग शिक्षणाकडे जाई. गावची शाळा आता वर्गणीवर नव्हे, तर करावर चालू लागली. वर्गणी ऐच्छिक असते आणि ती देणारा अटी घालू शकतो, असे निदान म्हणता तरी येते. कर हा सक्तीचा. तो देणाऱ्यास शेजारच्याच्या प्रवेशावर हरकत घेण्याचा विशेष हक्क कोठून प्राप्त व्हावा? १८८२ च्या हंटर आयोगाने ह्याच दिशेने पाऊल टाकले. जातीच्या कारणाने कोणासही प्रवेश नाकारू नये, हे तत्त्व पुन्हा मान्य करावे आणि प्रांतिक, नगरपालिकेच्या वा स्थानिक निधीतून, म्हणजे एकंदर सार्वजनिक पैशातून, सर्वस्वी चालणाऱ्या प्रत्येक संस्थेस ते लावावे, अशी त्याची शिफारस आहे. सार्वजनिक खर्च ह्या शब्दाचा अर्थ येथे विस्तारला. पण त्याच वाक्यात, हे तत्त्व ‘योग्य त्या सावधगिरीने’ लावावे, अशी पुस्तीही आहे. सावधगिरीस कारण नव्हते असे नाही. खेडा जिल्ह्यात अशा प्रवेशानंतर काही मोठ्या शाळा कित्येक वर्षे बंद राहिल्याची आणि एका गावी ह्या लोकांची झोपडी व पिके जाळली गेल्याची हकीकत आयोगापुढे होती. प्रश्न एवढाच की, जाळपोळ करणारास जरब बसविणे हा सावधगिरीचा भाग मानावयाचा की नाही. आयोगाने तो तसा मानलेला दिसत नाही.

ह्याच आयोगापुढे जोतीराव फुले ह्यांनी ऑक्टोबर १८८२ मध्ये आपले निवेदन सादर केले. महार, मांग इत्यादी जातींच्या मुलांस वरच्या जातींच्या मुलांशेजारी बसू दिले जात नसल्यामुळे ती सर्वच शाळांतून व्यवहारतः वगळली जातात, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्यांच्यासाठी सरकारने खास शाळा काढल्या आहेत. परंतु त्या मोठ्या शहरांपुरत्याच. पुण्यात ह्या लोकांची वस्ती पाच हजारांहून अधिक असता शाळा एकच आणि तिच्यातील उपस्थिती तीस मुलांहूनही कमी, हे त्यांनी निदर्शनास आणले आणि जेथे अशी वस्ती मोठी असेल तेथे स्वतंत्र शाळा काढण्याची मागणी केली. समतेचा एवढा मोठा पुरस्कर्ता वेगळ्या शाळा मागतो, ह्याचे आजच्या वाचकास कदाचित आश्चर्य वाटेल. पण फुले ह्यांनी १८५० नंतरच्या वर्षांत अशा शाळा स्वतः चालविल्या होत्या आणि उघड्या म्हणविणाऱ्या दारातून प्रत्यक्षात कोण आत जातो, हे त्यांनी जवळून पाहिले होते. सामाईक शाळा आणि वेगळी शाळा अशी निवड त्या मुलांपुढे नव्हतीच. निवड होती ती वेगळी शाळा आणि शाळाच नाही, ह्यांमध्ये.

बडोद्याचा अनुभव ह्यास पूरक आहे. सयाजीराव गायकवाड ह्यांनी अंत्यजांसाठी शाळा काढल्या तेव्हा सवर्ण हिंदू शिक्षक तेथे जाण्यास तयार होईनात आणि प्रारंभी मुसलमान शिक्षक नेमावे लागले. पैसा होता, राजाज्ञा होती. उणीव होती ती शिकवावयास बसणाऱ्या मनुष्याची. समान संधीचा विचार करताना ही बाब पुष्कळदा निसटते. प्रवेश हा एका दिवसाचा व्यवहार आहे, पण शिकविणे हा रोजचा.

कोल्हापुरास शाहू छत्रपतींनी ह्याच्या उलट टोकाचे पाऊल उचलले. १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केल्यानंतर १९१९ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांस सर्वांबरोबर सरकारी शाळांत घेण्याचा हुकूम काढला. फुले ह्यांची मागणी आणि शाहू महाराजांचा हुकूम परस्परविरोधी भासतात, पण तसे ते नाहीत. वेगळ्या शाळेने शिकलेल्यांची एक पिढी उभी राहिली होती, सक्तीमुळे प्रत्येक मुलाने शाळेत येणे आता राज्याचीच जबाबदारी झाली होती, आणि सामाईक शाळेतील शिक्षकास जाब विचारण्याची इच्छा असलेला राजा गादीवर होता. ह्या तीन गोष्टींपैकी एक जरी नसती, तरी हाच हुकूम मुलांस एका शाळेतून काढून दुसऱ्या शाळेच्या ओसरीवर बसविणारा ठरला असता.

ओसरीचा हा उल्लेख अलंकारिक नव्हे. डॉ. भीमराव आंबेडकर ह्यांनी आपल्या साताऱ्याच्या शाळेतील आठवणी लिहून ठेवल्या आहेत. वर्गात त्यांना इतर मुलांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. ते गोणपाट रोज घरी न्यावे लागे, कारण शाळा झाडणारा नोकर त्यास शिवत नसे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडावयाचा. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. प्रवेशपुस्तकाच्या दृष्टीने पाहता १८५८ चे तत्त्व येथे पुरते पाळले गेले होते. मुलाचे नाव पटावर होते.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबई कायदे कौन्सिलात हा प्रश्न पुन्हा आला. ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले ह्यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, न्यायालये, दवाखाने ह्यांबरोबर सार्वजनिक शाळांचाही त्यात अंतर्भाव होता. महाडचा १९२७ चा सत्याग्रह ह्याच ठरावाच्या अंमलबजावणीसाठी झाला. पाण्याच्या हक्काची ती लढाई सर्वश्रुत आहे. शाळेविषयीचा भाग मात्र तुलनेने विस्मृत राहिला. त्याच वर्षीच्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार स्थानिक मंडळांकडे सोपविला. लोकशाहीच्या दृष्टीने हे पुढचे पाऊल होते. परंतु ज्या वर्गणीदारांच्या हरकतीस १८५८ मध्ये मान दिला गेला होता, तेच आता मतदार व सभासद ह्या नात्याने शाळेच्या दाराशी उभे राहिले. १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने दिलेल्या निवेदनात डॉ. आंबेडकरांनी स्थानिक मंडळांकडे झालेल्या ह्या हस्तांतरावर कडक टीका केली. धारवाडचा अर्ज आणि त्यावरील पत्रव्यवहार त्यांनी ह्याच निवेदनात पुढे मांडला. लोकसंख्येत दुसऱ्या क्रमांकावर असलेला मागासलेला वर्ग शिक्षणात शेवटच्या क्रमांकावर, आणि लोकसंख्येत शेवटचा असलेला पुढारलेला वर्ग शिक्षणात पहिल्या क्रमांकावर, ही उलटी उतरंड ते ह्याच सुमारास कायदे कौन्सिलातही मांडीत होते.

संविधानाच्या २९ व्या अनुच्छेदाचे दुसरे कलम ह्या पार्श्वभूमीवर वाचले म्हणजे त्यातील एकेका शब्दाचे वजन कळते. राज्याने चालविलेल्या ‘किंवा राज्याच्या निधीतून साहाय्य मिळणाऱ्या’ कोणत्याही शिक्षणसंस्थेत केवळ धर्म, वंश, जात, भाषा ह्यांच्या कारणावरून कोणाही नागरिकास प्रवेश नाकारता येणार नाही, असे ते सांगते. १८५८ च्या ठरावाने जी फट ठेवली होती ती ‘किंवा’ ह्या एका शब्दाने बुजविली. सार्वजनिक पैशाचा एक रुपयाही घेतला की दार सर्वांचे. (ह्या यादीत लिंग हा शब्द नाही, ही गोष्ट मात्र सूक्ष्म वाचकाच्या नजरेस येते, स्त्रियांसाठी वेगळ्या संस्था चालविता याव्यात, हा तिचा एक परिणाम.)

ह्या कलमाची पहिली मोठी कसोटी मात्र अनपेक्षित बाजूने लागली. मद्रास प्रांतात महाविद्यालयीन जागांची जातवार वाटणी होती : दर चौदा जागांपैकी ब्राह्मणेतर हिंदूंस सहा, मागास हिंदूंस दोन, ब्राह्मणांस दोन, हरिजनांस दोन, अँग्लो-इंडियन व भारतीय ख्रिस्ती ह्यांस एक आणि मुसलमानांस एक. चंपकम दोराईराजन प्रकरणात ९ एप्रिल १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही वाटणी २९ व्या अनुच्छेदाविरुद्ध ठरविली. वगळलेल्यांस आत घेण्यासाठी लिहिलेले कलम त्यांच्यासाठी राखलेल्या जागा काढून घेण्यास कारण झाले. त्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने पंधराव्या अनुच्छेदात चौथे कलम घालून मागासवर्गांसाठी विशेष तरतुदीचा मार्ग खुला करण्यात आला. भेद न करणे आणि समान संधी देणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत, हे ह्यानंतर कोणालाही नाकारता आले नाही.

तीन वर्षांनी नाशिक जिल्ह्यातून आलेल्या एका प्रकरणाने आणखी एक मुद्दा स्थिर केला. जानेवारी १९५४ मध्ये मुंबई सरकारने हुकूम काढला की इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी अँग्लो-इंडियन आणि बिगर-आशियाई वंशाचे नागरिक सोडून इतरांस त्या वर्गांत प्रवेश देऊ नये. हेतू देशी भाषांच्या उत्कर्षाचा. देवळालीची बार्न्स हायस्कूल ही शाळा चालविणाऱ्या संस्थेने व काही पालकांनी ह्यास आव्हान दिले. हेतू कितीही स्तुत्य असला तरी प्रवेश नाकारण्याचे प्रत्यक्ष कारण विद्यार्थ्याचा वंश हेच आहे, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मे १९५४ मध्ये तो हुकूम रद्द ठरविला. हेतू आणि कारण ह्यांतील हा भेद धारवाडच्या प्रकरणी कोणी केला असता, तर ‘शिक्षणाच्या कार्याची हानी’ हा युक्तिवाद तेव्हाच निकालात निघाला असता.

पैशाच्या आधारे भेदभावास बंदी घालण्याची ही रीत केवळ आपल्याकडचीच आहे, असे नाही. अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा सहावा भाग संघराज्याचे साहाय्य घेणाऱ्या कार्यक्रमांत वंशभेदास मनाई करतो. १९७२ मध्ये लिंगभेदाविषयी तसाच कायदा झाला. तेथेही पुढे ‘कार्यक्रम’ म्हणजे संपूर्ण संस्था की पैसा मिळणारा तेवढाच विभाग, असा वाद झाला. १९८४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने संकुचित अर्थ घेतला आणि १९८८ मध्ये विधिमंडळाने कायदा करून तो संपूर्ण संस्थेस लागू केला. खर्चाच्या मोजपट्टीने दार मोजू लागले की असे प्रश्न कोठेही उपस्थित होतात.

ह्या मोजपट्टीची खरी मर्यादा उघडी पडली ती विनाअनुदानित संस्थांची वाढ झाल्यावर. जी संस्था सरकारचा एक पैसाही घेत नाही, तिचे दार कोणाचे? इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य ह्या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की अशा व्यावसायिक महाविद्यालयांवर सरकारला राखीव जागा लादता येणार नाहीत. त्यावर त्र्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने पंधराव्या अनुच्छेदात पाचवे कलम आले आणि अल्पसंख्याकांच्या संस्था वगळता खासगी संस्थांनाही, त्या साहाय्यित असोत वा नसोत, प्रवेशाबाबत विशेष तरतूद लावण्याची मुभा मिळाली. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने पुढचे पाऊल टाकले. विनाअनुदानित शाळेनेही पहिलीच्या वर्गातील निदान पंचवीस टक्के जागा परिसरातील वंचित व दुर्बल घटकांच्या मुलांस द्याव्यात, असे त्याच्या बाराव्या कलमात आहे. ह्यामागील विचार पूर्वीच्या सर्व विचारांहून निराळा आहे. शाळा हे लहान मुलांनी एकत्र वाढण्याचे स्थळ आहे; तेव्हा खर्च कोणाचा, हा प्रश्न तेथे दुय्यम. तरीही तो प्रश्न सुटला नाही. ह्या मुलांपोटी सरकारने शाळेस प्रतिपूर्ती द्यावी, पण ती सरकारचा स्वतःचा दरडोई खर्च आणि शाळेची प्रत्यक्ष फी ह्यांपैकी जी रक्कम कमी तेवढीच, असे त्याच कलमात म्हटले आहे.

महाराष्ट्रात ही प्रतिपूर्ती थकल्याची तक्रार शाळाचालकांकडून वारंवार होत आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून असे ठरविले की, ज्या विनाअनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिच्यावर पंचवीस टक्क्यांचे बंधन असणार नाही. जवळ सरकारी शाळा असता दुसऱ्या शाळेतील जागेसाठी सार्वजनिक पैसा का द्यावा, हा त्यामागील हिशेब. गावात व शहरात अशी दुसरी शाळा बहुधा असतेच. त्यामुळे पंचवीस टक्क्यांची तरतूद बहुतांश ठिकाणी केवळ कागदावर उरली असती. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी हा बदल मूळ कायद्याशी विसंगत ठरवून रद्द केला, आणि त्या वर्षीच्या पहिलीच्या प्रवेशांची रखडलेली प्रक्रिया पुन्हा सुरू झाली. तोपर्यंत शाळांचे वर्ग भरून महिना उलटून गेला होता.